कजाला चंद्र लागत नाही

अब्बा, आज परत डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुम्हाला जे दुखणं होतं तेच आता मला आहे. नाक, आवाज आणि साखर ही तुमच्याकडून आलेली इस्टेट. डॉक्टर तरुण आहे, नव्या पनवेलात बसतो आणि माणसापेक्षा रिपोर्टशी जास्त बोलतो. "काका, या वर्षापासून रोजे बंद. एकही नाही," असं त्याने रिपोर्टलाच सांगितलं. मी मान हलवली. तुमचे डॉक्टर निदान आधी चष्मा काढायचे, थोडं हळहळायचे आणि मग नाही म्हणायचे. बाहेर आलो, स्कूटर चालू केली आणि घरी जायचं सोडून तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बायकोला काय सांगायचं ही चिंता नव्हती, ती रिपोर्टआधीच ओळखून होती. मला तो एक रोजा आठवत होता, जो तुम्ही आणि मी मिळून सोडायचा होता. त्याबद्दल तुमच्याशी कधी नीट बोलणं झालंच नाही. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही, आपल्या कबरस्तानात पोस्टमन येत नाही.

माझ्या लहानपणी रमजानमध्ये तुम्ही कधी घरी नव्हता. आखातात कामगारांच्या कॅम्पात तुम्ही भटारी, आणि भटाऱ्याला त्या महिन्यात सुट्टी कोण देणार? सूर्य बुडाला की सगळा कॅम्प मगरिबला एकदम जेवायला बसायचा आणि तुम्ही देगेपाशी उभे. एका हातात पळा, दुसऱ्या हाताने खजूर तोंडात टाकायचा, झाला तुमचा रोजा सोडून. हे मला कॅसेटवरून ठाऊक. पत्र लिहायचा तुम्हाला कंटाळा, त्यामुळे पनवेलचा कोणी परत येत असला की त्याच्याबरोबर कॅसेट यायची. अम्मी आणि मी चटईवर बसून ती ऐकायचो. मागे भांड्यांचा आवाज, मध्येच तुमचा खोकला, आणि मग, "इथं काल ईद झाली. तुमची आज असंल." तिकडे बहुतेक वेळा चंद्र एक दिवस आधी दिसतो हे कळायचं माझं वय नव्हतं. मला वाटायचं, अब्बा आधी आपली ईद करून घेतात आणि उरलेली आम्हाला पाठवतात. हे अम्मीला सांगितलं तेव्हा ती हसली, आणि मग शेवयांचं घासलेलं पातेलं परत घासायला बसली.

तुम्ही कायमचे परत आलात आणि त्याच वर्षी मला नोकरी लागली. म्हणजे एक माणूस घरात आला आणि दुसरा बाहेर पडला. तळोज्याची कंपनी, बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर बनवायची. बंदर तिथे मासळी, मासळी तिथे बर्फ, आणि बर्फ बनेनासा झाला की तिथे मी. मोरा बंदरापासून खाली हर्णै, रत्नागिरी, मालवण, कारवार, भटकळ, मालपे. व्हिजिटिंग कार्डावर सर्व्हिस इंजिनिअर आणि हातात पाना. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपणं, लॉजच्या चादरीवर आपली चादर घालणं, एसटीडी बूथच्या काचेआडून साहेबांना ओरडून रिपोर्ट देणं, हेच आयुष्य. साहेब पुण्याचे, माणूस भला. स्वतः चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी चापून उपास करायचे आणि मला सांगायचे, "अरे, रोजा काय, बसमध्येही होतो. उलट जेवायला कुठे थांबायची भानगड नाही तुला." त्या काळात रमजान उन्हाळ्यातून थंडीकडे सरकत होता आणि तेच मासळीचे दिवस. मोऱ्याच्या कारखान्यात मी अमोनियाच्या वासात उभा असायचो, समोर बर्फाच्या लाद्या घसरत यायच्या आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. बर्फ न्यायला येणारी एक कोळीण माझ्याकडे बघत बसायची. "आरं बाबा, पानी पन नाय? आनि दिसभर या बर्फान हात?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "तुमचा देव लय कडक हाय." मी हसायचो, पण तेव्हा मला ते पटलेलं असायचं.

पहिल्या वर्षी तर मी दौऱ्यावरचे रोजे धरलेच नाहीत. मुसाफिराला सूट आहे, नंतर भरून काढले की झालं, हे मला पाठ होतं आणि मी ते घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही परसात मशिदीची देग राखेने घासत होता. मान वर न करता म्हणालात, "सूट हाय, म्हाईत हाय मला. पन सूट मान खाली घालून घ्यायची असते. तू छाती काढून सांगतोस." आणि परत घासायला लागलात. मी तिथे उभा राहिलो, काहीतरी बोलाल म्हणून. पुढच्या वर्षी दौऱ्यावर निघताना मात्र तुम्ही एक डबा माझ्या बॅगेत कोंबलात. आखातातून आलेला दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा, ज्याचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं. अम्मीने त्यात वर्षानुवर्षं हळद ठेवली होती. तुम्ही तो धुऊन, उन्हात वाळवून, खजुरांनी भरला होता. "बस कुठं बी थांबू दे. तुजा वखत तुज्या बॅगेत हाय," एवढंच म्हणालात. खजुरांना हळदीचा वास यायचा. मला तो सवयीचा झाला, इतका की साधा खजूर मला आजही अळणी लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एका गावात राहून बापलेकांना एक रोजा एकत्र सोडता येऊ नये? येत नव्हता, हे खरं. तुम्ही परत आलात तरी देग काही सुटली नाही. मशिदीत रोज संध्याकाळी इफ्तारची खिचडी व्हायची आणि जमातीने ते काम तुमच्या गळ्यात घातलं, तुम्हीही हौसेने घालून घेतलंत. मी दौऱ्यावर नसलो तर तळोज्याला असायचो आणि कंपनीची बस अझान होऊन गेल्यावर पनवेलला पोचायची. तुम्ही देगेपाशी उभे, मी बसमध्ये बसलेला, अम्मी घरात एकटी. रविवारी मी घरी असलो तरी तुम्ही मशिदीत. तिथे आलो तर तुम्ही वाढण्यात गुंतलेले, माझ्या ताटलीत खिचडी टाकून पुढच्याकडे वळायचात. एकदा मी म्हटलं, अब्बा, बसा ना जरा. तुम्ही म्हणालात, "भटारी बसला तर जमात उभी राहील." आपल्या दोघांनाही त्यात काही गमावल्यासारखं वाटत नव्हतं. पुढे खूप रमजान पडलेत, अशा हिशेबाने आपण दोघे वागत होतो.

मग तुमचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी चष्मा काढला, हळहळले आणि तुमचे रोजे बंद केले, उभं राहणंही बंद केलं. देग दुसऱ्या कोणाकडे गेली. त्या वर्षी रमजान थंडीच्या शेवटी आला आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मगरिबच्या वेळी घरात, चटईवर, बसलेले. अम्मी सांगायची, दिवसा तुम्ही पडदा ओढून औषधापुरतं चोरासारखं खायचात आणि अझानच्या आधी हातपाय धुऊन दस्तरखानावर येऊन बसायचात. रोजा नसताना. अम्मी आपला सोडायची आणि तुम्ही तिच्याकडे बघायचात. मी भटकळच्या दौऱ्यावर निघालो तेव्हा तुम्ही डबा भरून दिलात आणि दाराशी म्हणालात, "शेवटाचा रोजा मी धरनार हाय. डाक्टर गेला खड्ड्यात. तू ये. तुज्यासंगं सोडायचाय. बसून." अम्मी आतून ओरडली की असलं काही होणार नाही. तुम्ही मला डोळा मारलात. तुम्ही कोणाला डोळा मारताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

एकोणतिसाव्या रोज्याला मी घरी असणार होतो, तोच शेवटचा ठरला तर म्हणून. पण भटकळला कॉम्प्रेसर उघडला आणि बेअरिंग पार गेलेलं. नवीन यायला एक दिवस लागणार होता. तिथल्या शेठच्या होड्या बंदरात खोळंबलेल्या, मासळी सडायला आलेली, मला हलता येईना. संध्याकाळी बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने तुम्हाला बोलावून आणेपर्यंत मी तारेतली खरखर ऐकत होतो. उद्या येणं होत नाही, परवा दुपारी पोचतो, असं सांगितलं.

"मंग उद्या धरीत नाय," तुम्ही म्हणालात. "परवाचा धरतो."

"आणि उद्या चंद्र दिसला तर? परवा ईदच."

"नाय दिसनार."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी सांगतो ना. नाय दिसनार." आणि तुम्ही फोन ठेवलात, की दुकानदाराने काढून घेतला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर मी भटकळच्या स्टँडवर उभा होतो. काम झालं होतं, हात ग्रीसने काळे, डब्यातला खजूर खाऊन नुकताच रोजा सोडलेला. आणि मशिदीच्या भोंग्यावरून ईदची तकबीर सुरू झाली. चंद्र दिसला होता. पोरं रस्त्यावर धावत सुटली, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. शेठ स्वतः मोटारीतून स्टँडवर आले, माझ्या मनगटाला अत्तर लावलं, हातात हलव्याचा पुडा दिला आणि म्हणाले, नमाज पढून सकाळी निघा. मी त्यांना म्हटलं, घरी अब्बा वाट बघतायत. खरं म्हणजे तेव्हा कोणी वाट बघत असेल असं मला वाटत नव्हतं. माझ्या लेखी सगळं हुकलं होतं. तुमचा शेवटचा रोजा येऊन गेला होता आणि तो तुम्ही धरलाही नव्हता. बूथवर ईदचा फोन लावणाऱ्यांची रांग लागलेली, बस हॉर्न देत होती. मी चढलो. रात्रभर मला राग आला होता, बेअरिंगचा, साहेबांचा, आणि खोटं कशाला बोलू, चंद्राचाही.

सकाळी महाड डेपोत बस थांबली. महिनाभरानंतर दिवसाउजेडी खायचं म्हणून मी मुद्दाम बाहेरच्या टेबलाशी बसलो आणि उसळ-पाव मागवला, वर दोन चहा. ईदच्या दिवशी घरी तोंड पाडून जायचं नाही, असं मनाशी ठरवत होतो. दुपारी पनवेलला उतरलो. स्टँडसमोरून टोपी घातलेला एक म्हातारा चालला होता, त्याला मी खणखणीत ईद मुबारक दिली. तो थांबला. माझ्या तोंडाकडे, अत्तराच्या वासाकडे, हातातल्या पुड्याकडे बघून म्हणाला, "तबियत ठीक हाय ना, बेटा?" आणि पुढे गेला. मोहल्ल्यात शिरलो तर खाटकाकडे रांग, शिंप्याकडे झुंबड, पण अंगावर नवे कपडे कोणाच्याच नाहीत. तेव्हा मला कळलं. इथे काल संध्याकाळी धुरकट ढग होते. चंद्र दिसला नव्हता. इथे तिसावा रोजा चालू होता.

अम्मीने नंतर सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. आदल्या संध्याकाळी अख्खं पनवेल चंद्र दिसावा म्हणून आकाशाकडे डोळे लावून उभं होतं आणि तुम्ही काठी टेकत गच्चीवर गेला होता, तो दिसू नये म्हणून. कोणी पोरगं ओरडलं की तुम्ही दटावायचात, "तारा हाय तो. डोळं तपास." अंधार झाला, कोणाला काही दिसलं नाही, तेव्हा तुम्ही खाली येऊन अम्मीला म्हणालात की पहाटे सेहरीला दोन ताटं लाव.

मी दारात उभा राहिलो. तुम्ही चटईवर भिंतीला टेकून बसला होता, ओठ सुकलेले, चेहरा मात्र परीक्षा पास झालेल्या पोरासारखा. "आलास? बोललो नव्हतो, नाय दिसनार?" मग तुम्हाला अत्तराचा वास आला. माझ्या हातातला पुडा दिसला. तुम्ही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं. भटकळला दिसला, तिथे आज ईद आहे, मी महाडला जेवलो. अम्मीने कपाळावर हात मारला. मला वाटलं तुम्ही रागावणार, आणि रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात. "इतकी वर्सं मी तुमच्या एक दीस पुढं होतो. आता तू गेलास व्हय पुढं?" आणि मग हाताने खूण करून मला जवळ बसवलंत. "बस. तुजी ईद तिकडं ऱ्हायली. ज्या गावात पाय ठेवलास त्या गावाचा रोजा हाय. आता सांजपत्तूर तोंड बंद."

ती दुपार मी भरल्या पोटाने उपाशी काढली. तुम्ही अधूनमधून डोळे मिटायचात, अम्मी येऊन तुमच्या हाताला हात लावून बघायची. तुम्ही बर्फाचं विचारलंत, लादी किती वेळात जमते वगैरे, आणि मी सांगत राहिलो. स्वयंपाकघरातून घावनांचा वास येत होता आणि मला भूक नव्हती, याची मला इतकी लाज वाटत होती की मी दोनदा उठून तोंड धुऊन आलो. अझान झाली. तुम्ही माझ्या बॅगेतला डबा मागितलात, झाकण चमच्याने उचकटलंत आणि एक खजूर काढून त्याचे दोन भाग केलेत. "साखर हाय, मला अर्धाच पुरे. अर्धा तुजा. तुजा रोजा बी अर्धाच हाय." मी तो तोंडात टाकला. गोड होता, हळदीचा वास होता. आपण दोघे बसलेलो होतो, एका चटईवर, एका वेळी, जसं तुम्हाला हवं होतं. आणि तरी ते ते नव्हतं, अब्बा. तुम्ही दिवसभर ओढून आणलेली तहान तिथे मांडली होती आणि मी फक्त हात पुढे केला होता. तुम्हालाही ते कळलं असणार, कारण पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळलंत.

ईदच्या नमाजानंतर मौलवीसाहेबांना विचारलं. ते मला म्हणाले, मुसाफिर होतात, गुन्हा नाही, पण महाडला चंद्र दिसलेला नव्हता आणि तिथे रोजाच होता. तो एक तुम्हाला कजा करावा लागेल, पुढे कधीतरी धरून द्यायचा. हे ऐकून तुम्ही खूश झालात. घरी येताना माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होता, एकदम थांबलात. "झ्याक झालं. तुजा एक बाकी, माजे एकोनतीस बाकी. पुडल्या जुम्म्याला दोघं मिळून एक एक धरू. संगं सोडू. कजाला चंद्र लागत नाय." शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. रस्त्यात भेटलेल्या एकदोघांनाही ऐकवलंत. त्यांना संदर्भ कळला नाही, ते बिचारे ईद मुबारक म्हणून पुढे गेले.

तो जुम्मा आला तेव्हा तुमची साखर खाली गेलेली आणि तुम्ही सलाईनवर. मी दवाखान्याच्या बाकड्यावर. दुसरा दिवस ठरवला तेव्हा मालप्याला अमोनिया गळाला आणि साहेबांनी घरी माणूस पाठवला. "जा तू," तुम्ही म्हणालात, "मानसं हायत तिथं. रोजा कुठं पळतो?" तिसऱ्यांदा आपण ठरवलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की त्यांना असल्या गोष्टी बोलायलाही देऊ नका. त्या एका रोज्याने काही बिघडलं नव्हतं, असंही ते म्हणाले, मूत्रपिंडं आधीच गेली होती. तुम्ही मात्र शेवटपर्यंत "पुडल्या जुम्म्याला" म्हणत राहिलात. पाऊस संपता संपता तुम्ही गेलात. मी त्या दिवशी घरी होतो. एवढं एक नशिबाने दिलं, पण ते मला नको होतं, मला ती संध्याकाळ हवी होती.

तुमच्या राहिलेल्या रोज्यांचा फिदया अम्मीने दिला. एका रोज्यामागे एका गरिबाचं धान्य. तिने तांदूळ मापून दिला, प्रत्येक माप ओतताना तुमचं नाव घेत. तुमचं सगळं फिटलं, अब्बा. तुमच्याकडे आता काही बाकी नाही. बाकी राहिला तो माझा एक.

धरायला काय होतं? एक दिवस उपाशी राहायचं, बस. दौऱ्यावरचे कितीतरी कजा मी पुढच्या थंडीत सहज धरले, लहान दिवस, समजतसुद्धा नाही. तो एक मात्र दरवेळी बाजूला काढला. लांबवल्याचा दंड म्हणून दर वर्षी तांदळाचं एक माप द्यायचं, ते मी न चुकता दिलं. रमजानआधीचा शाबानचा महिना लागला की अम्मी विचारायची, "तुजं काय बाकी हाय काय रं?" आणि मी नाही म्हणायचो. तिला माहीत होतं, ती आणखी खोदून विचारायची नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. कंपनी बंद पडली, साहेबही गेले. मोऱ्याची ती कोळीण मध्यंतरी पनवेलच्या बाजारात दिसली, तिने मला ओळखलं नाही. माझा मुलगा आखातात आहे, एसीतल्या ऑफिसात, तुमच्यासारखं उभं राहावं लागत नाही त्याला. पण दर ईदला त्याचा फोन एक दिवस आधी येतो. मोबाइलवर तोंड दिसतं, नवे कपडे दिसतात, "अब्बा, ईद मुबारक" म्हणतो, आणि इकडे माझ्या तोंडात कोरड. मी त्याला सांगतो की तू ये, शेवटचा रोजा संगं सोडू. तो म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की. त्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येतो, म्हणून मी फार आग्रह करत नाही. या घरात कोणाचाही चंद्र कोणाशी जुळला नाही आणि आता जुळेल असं मला वाटत नाही.

डॉक्टरकडून निघून, तळ्याच्या फेऱ्या झाल्यावर मी मशिदीत गेलो होतो. हल्लीचे मौलवी वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. त्यांना रिपोर्टचं सांगितलं. ते म्हणाले, बरं होण्यासारखं दुखणं नसेल तर तुमच्यावर रोजा नाही, रमजानमध्ये महिन्याचा तांदूळ देत जा. मग सहज विचारलं, "मागचं काही बाकी?" मी म्हटलं, एक. "किती जुना?" मी हातातल्या रिपोर्टची घडी घालू लागलो. त्यांनीही ताणलं नाही. "त्याचाही देऊन टाका, काका. मोकळे व्हा," असं म्हणाले. बाजारातून मी एका रोज्याचा तांदूळ घेतला, चांगल्यातला. लहानशी पिशवी. मशिदीच्या दाराशी एक म्हातारी बसते, तिलाच द्यायचा होता. तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि पदर पसरला. मी तिला खिशातले सुटे पैसे दिले आणि स्कूटरकडे आलो.

कारण ती पिशवी दिली की तो रोजा संपला, अब्बा. आता धरता येत नाही, ते खरं. तुमच्याबरोबर सोडता येणार नव्हता हे तर तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हाच कळलं होतं. तरी तो बाकी होता तोवर तुमचं माझं काहीतरी ठरलेलं होतं, पुढच्या जुम्म्याचं. माणूस असल्या गोष्टीवर आयुष्य काढतो हे कोणाला सांगितलं तर हसतील. तुम्ही तर खोकला येईपर्यंत हसाल.

घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, तांदूळ दिलात का. मी दिला म्हणून सांगितलं. पिशवी अजून स्कूटरच्या डिकीत आहे.